कागदाचा कौल

"मानवजातीचा खरा इतिहास ना राजांनी घडवला, ना ऋषींनी. तो घडवला कागदानं!" असं अवधूत कर्णिकांनी एका रविवारी सकाळी, महाडच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आणि उजवा हात उंच करून जाहीर केलं.

"म्हणूनच तेल इतकं छान ओढतो," चारुशीलाबाई म्हणाल्या.

कर्णिकांचा हात वरच राहिला. ओट्यावर ताज्या तळलेल्या कुरडया निथळत होत्या. त्यांच्याखाली जो जाड, सायीसारखा पांढरा कागद होता, तो कर्णिकांच्या नमुन्यांच्या पुस्तकातला एक्केचाळीस नंबरचा नमुना होता. निव्वळ कापसाचा कागद. ते पुस्तक मुंबईच्या एका कागदवाल्यानं पाठवलेलं. वीर स्टेशनावर ओळखीच्या प्रवाशाच्या हातून ते उतरवून घेऊन, रिक्षात मांडीवर धरून, खड्डा आला की रिक्षावाल्याला दम देत कर्णिकांनी नव्या नवरीसारखं घरी आणलं होतं.

"अगं, हा कागद आहे!"

"मग मी काय केळीचं पान म्हटलं का?"

"या कागदावर राजेरजवाड्यांनी तह केले असते!"

"आता कुरडयांनी केलाय." चारुशीलाबाईंनी कुरडया बाजूला केल्या आणि कागदाचं टोक धरून उचललं. कागदाबरोबर खालची स्टीलची ताटलीही वर आली. "बघा. तेल प्यायला की सोडतच नाही मेला."

हे वाक्य आणि ती अधांतरी ताटली कर्णिकांनी तेव्हाच लक्षात ठेवायला हवी होती. पण थोर माणूस संतापला की बारीकसारीक गोष्टींकडे त्याचं लक्ष राहत नाही.

कर्णिकांचा बाजारपेठेत छापखाना होता, 'सुबक मुद्रणालय'. अडतीस वर्षं त्यांनी महाड-पोलादपूरच्या जनतेला पावतीपुस्तकं, प्रगतिपुस्तकं, लग्नपत्रिका, पूजेची निमंत्रणं आणि 'बैल हरवला आहे' अशी पत्रकं पुरवली. हे सगळं मिळेल त्या कागदावर. पण मन मात्र नेहमी न मिळणाऱ्या कागदावर. कुणाची पत्रिका आली की नवरा-नवरीची नावं वाचण्याआधी ते ती उलटी करून पाठ बघत, कड चिमटीत धरत, कानाशी नेऊन हलवत. एकदा एका घरच्या तेराव्याचं कार्ड हातात आल्यावर त्यांच्या तोंडून "वा! काय माल आहे!" असं निघून गेलं. त्या घराशी अजून बोलणं नाही.

छापखान्याच्या कोपऱ्यात ट्रेडल होतं. बिडाचं, काळं, वडिलांच्या वेळचं छपाईयंत्र. पुरात सावित्री नदीचं पाणी दोनदा त्याच्या गळ्यापर्यंत येऊन गेलं, आणि दोन्ही वेळा कर्णिकांनी घरातला गाळ नंतर काढला, आधी ट्रेडल पुसलं. दुसऱ्या यंत्रांनी अक्षर कागदावर बसतं. ट्रेडलनं ते कागदात रुततं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावं, असं. मात्र त्याला कागदही तसाच लागतो, जाड, मऊ आणि थोडा फुगीर. दाबला तर दबणारा आणि दबलेलं विसरू न शकणारा. थोडक्यात, कापसाचा. आणि असा कागद घालून काही छापून घेणारं गिऱ्हाईक अडतीस वर्षांत आलं नव्हतं.

मुलाला, आमोदला, त्या कोपऱ्यात फ्लेक्सचं मशीन बसवायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, महाडपासून पोलादपूरपर्यंत भावी नेते किती आहेत माहितीये? आणि प्रत्येकाचा वाढदिवस वर्षातून तीनदा येतो." भंगारवाला येऊन फूटपट्टीनं ट्रेडल मोजूनही गेला होता. शेवटी चारुशीलाबाईंना साक्षी ठेवून बापलेकांत तह झाला. महिनाअखेरपर्यंत ट्रेडलशिवाय होऊच शकत नाही असं एक काम आलं, तर ट्रेडल राहील. नाही आलं, तर जाईल, आणि बाबा त्या दिवशी पंक्चर झालेल्या टायरसारखं तोंड करून बसणार नाहीत.

महिना संपायला चार दिवस उरले होते. आतापर्यंत दोन पावतीपुस्तकं आली होती, आणि एक बैल.

आणि त्याच दिवशी, बुधवारी, सेजल आली.

सेजल उतेकर. पोलादपुराच्या वर डोंगरात टेपाची वाडी आहे, तिथल्या महिपती उतेकरांची मुलगी. मुंबईत एका ऑफिसात साबणांची आणि चॉकलेटांची खोकी डिझाइन करायची. मे महिन्यात लग्न होतं. बरोबर मोठा भाऊ भरत होता. तोही मुंबईतच गाडी चालवायचा आणि बहिणीच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या पोलादपूर तालुक्यानं डोळे चोळत बघावी, या एकाच ध्येयानं रजा टाकून आला होता.

"काका," सेजल म्हणाली, "मला ते चकचकीत आर्ट कार्ड नको, लॅमिनेशन नको, गुलाबी तर अजिबातच नको. काहीतरी असं पाहिजे की हातात घेतल्यावर माणूस एक सेकंद गप्प बसेल."

कर्णिक स्वतःच एक सेकंद गप्प बसले. मग उठले, हात धुतले, टॉवेलनं पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि नमुन्यांचं पुस्तक देव्हाऱ्यातून मूर्ती काढावी तसं कपाटातून काढलं.

पुढचा पाऊण तास ती दोघं या जगात नव्हती. हा बघ, कांद्याच्या सालीसारखा, पलीकडचं दिसतं. हा बघ, यात केळीच्या सोपटाचे धागे आहेत. हा उजेडात धर. हा गालाला लाव. सेजलनं लावला. "काका, हा तर मांजराच्या पोटासारखा आहे!" "आणि हा ऐक, ऐक!" कर्णिकांनी एक कागद तिच्या कानाशी हलवला. "टणक. खणखणीत. हा खोटं बोलणार नाही." "आणि हा?" "हा लबाड आहे. वरून खादी, आतून रद्दी." सेजल हसत सुटली. कर्णिक हसत सुटले. आत पाणी प्यायला गेलेला आमोद दारातच थांबून बघत राहिला. बाबांना हसताना त्यानं शेवटचं केव्हा पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

"कागद हाय का पापड हाय?" भरत म्हणाला. "मघापासून नुसतं कानाला लावतायत!"

मग एक्केचाळीस नंबर निघाला. त्याचा उरलेला अर्धा भाग, कुरडयांपासून वाचलेला. सेजलनं तो हातात घेतला आणि बरोबर एक सेकंद गप्प बसली.

"हाच," ती म्हणाली.

"यावर ट्रेडल लागेल," कर्णिक म्हणाले. आवाज साधा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "दुसऱ्या कशावर याची मजा नाही. अक्षर आत गेलं पाहिजे." असं म्हणून त्यांनी आमोदकडे अशा नजरेनं पाहिलं, की आमोदनं दुसरीकडे पाहिलं.

"याच्यात काय हाय?" भरतनं कागद उलटापालटा केला. "पांढरा तर पांढरा. मयताचं कार्ड वाटंल, बाय. हा बघ कागद!" त्यानं पुस्तकाच्या शेवटचं पान उघडलं. सोनेरी, चमचमता, दोन्हीकडून आरशासारखा. "याच्यात आपलं तोंड दिसतं. लोक पत्रिका वाचतील आणि केसपण विंचरतील!"

"दादा, तो मिठाईच्या डब्याचा कागद आहे."

"मंग लगीन म्हंजे काय, उपास हाय?"

कर्णिकांनी पुस्तक झटकन मिटलं. सोनेरी कागदावर ट्रेडल चालवणं म्हणजे काचेवर नांगर धरण्यासारखं. तो कागद ठरला, तर छपाई पुण्याला आणि ट्रेडल भंगारात.

बहीणभाऊ भांडले, रुसले, चहा प्यायले, पुन्हा भांडले. शेवटी महिपतींना फोन लावला. वाडीत एकाच दगडावर उभं राहिलं तर रेंज येते, त्यामुळे महिपतींचं बोलणं नेहमी थोडक्यात असे.

"पयली पत्रिका कुणाला देतो आपण?" त्यांनी विचारलं.

"वाघजाईला," दोघं एकदम म्हणाली.

"मंग जिची पत्रिका तिला इचारा. शुक्रवारी या. कागदाचं दोन तुकडं घेऊन या. पांडू गुरवाला सांगतो कौल लावाय. ठेवतो, मागं रांग लागलीय दगडावर."

कौल म्हणजे काय हे कर्णिकांना सांगायला नको होतं. लहानपणापासून त्यांनी तो पाहिला होता. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, ओल्या पाकळ्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी लावतो, आणि जी पाकळी आधी पडेल ती देवीनं दिली असं समजायचं. शेत पेरायचं की नाही, पोरगी द्यायची की नाही, सगळं असंच ठरतं. आता कागद ठरणार होता.

आणि इथे कर्णिकांच्यातला अडतीस वर्षांचा कारागीर जागा झाला. ओल्या दगडाला लावलेला कागद केव्हा पडेल, हा प्रश्न देवीचा असला तरी त्याचं उत्तर त्यांच्या धंद्यातलं होतं.

गुरुवारी दुपारी ते न्हाणीघरात शिरले. थोड्या वेळानं चारुशीलाबाईंनी दार ढकललं. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, भिंतीच्या ओल्या फरशीला दोन कागदांचे तुकडे चिकटवून, मनगटातल्या घड्याळाकडे बघत त्यांचे यजमान उभे होते.

"अहो, हे काय?"

"प्रयोग."

"न्हाणीत?"

"देवळात करता येत नाही म्हणून न्हाणीत." मग त्यांनी समजावून सांगितलं. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तसा मशीनवरच्या कागदालाही असतो. कागद एका बाजूनं भिजला की धाग्याच्या हिशोबानं गुंडाळायला लागतो. तुकडा एका दिशेनं कापला तर भिंतीला गप्प चिकटून बसतो. आडवा कापला तर दोन्ही टोकं उचलतो आणि मिनिटाभरात पडतो. सोनेरी मात्र गुळगुळीत. गुळगुळीताला गुळगुळीत चिकटतं, तो हलायचं नाव घेत नाही. "म्हणजे आपला आडवा कापायचा. आपला पडणार, त्याचा राहणार. पडला तो देवीनं दिला."

चारुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही देवीला फसवताय?"

"फसवत नाही. योग्य निर्णय घेणं तिला सोपं करून देतोय. सरकारी कामं अशीच होतात, आणि ती सगळी कायदेशीर असतात."

अकरा वेळा प्रयोग केला. अकराही वेळा कापसाचा तुकडा आधी पडला. बाराव्या वेळी कर्णिक घसरून पडले, पण तो प्रयोगाचा भाग नव्हता.

शुक्रवारी सकाळी आमोदनं बापाला मोटरसायकलवर मागे बसवलं. हायवेनं पोलादपूर, तिथून डावीकडे डोंगराचा रस्ता, मग रस्ता संपला तिथे गाडी लावून पायवाट. कर्णिकांनी दोन तुकडे पाकिटात, पाकीट वहीत, वही पिशवीत आणि पिशवी छातीशी धरली होती. वाटेत आमोद म्हणाला, "बाबा, समजा सोनेरी निघाला, तर वाईट वाटून घेऊ नका."

"मी?" कर्णिक गूढ हसले. "मी कशाला वाईट वाटून घेऊ? देवीवर माझा विश्वास आहे." ते जन्मात पहिल्यांदाच असं बोलत होते, त्यामुळे आमोदला काळजी वाटली.

देवळापुढे अख्खी वाडी जमली होती. मे महिन्याची रजा लवकर घेऊन आलेले मुंबईकरही होते. भरतनं सोनेरी कागदाचा फोटो आधीच ग्रुपवर टाकल्यामुळे तरुण मंडळी त्याच्या बाजूनं होती. बायका सेजलकडून होत्या, पण कागदासाठी नव्हे. भरत लहानपणी त्यांच्या फणसांवर दगड मारायचा म्हणून.

महिपती पुढे आले. उंच, वाळलेले, खांद्यावर टॉवेल. "या कर्णिकशेठ. तुमच्या धंद्याचा आज देवीपुढं निकाल."

"देवीची इच्छा," कर्णिक नम्रपणे म्हणाले आणि पाकीट पांडू गुरवाच्या हाती दिलं.

पांडू गुरवानं दोन्ही तुकडे उलटसुलट पाहिले. सोनेरीत स्वतःचा दात बघितला. मग गाभाऱ्याचा पडदा बाजूला केला.

आणि कर्णिकांच्या डोळ्यांसमोर एक स्टीलची ताटली तरंगत आली.

वाघजाई म्हणजे चांदीचे डोळे लावलेला एक उभा पाषाण. ते त्यांना ठाऊक होतं. पाषाण म्हणजे दगड, दगड म्हणजे पाणी, पाणी म्हणजे न्हाणीघर, एवढाच विचार त्यांनी केला होता. पण आजचा कौल खास म्हणून वाडीनं सकाळीच देवीला शेंदूर लावला होता. ताजा, जाड, बोटबोट. तेलात कालवलेला. निथळणारा. इथे पाण्याचा थेंब नव्हता. इथे तेल होतं. तेल प्यायला की सोडतच नाही मेला.

"थांबा," कर्णिक म्हणाले. पण तोवर पांडू गुरवाचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. ते लांबलचक होतं. त्यात वाडीतल्या गुरंढोरांची, मुंबईच्या चाकरमान्यांची, महिपतींच्या गुडघ्याची आणि शेवटी कागदाची गोष्ट होती. लोक मधूनमधून "होय" म्हणत होते. कर्णिकांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. ते शेंदराकडे बघत होते आणि मनात एकच शब्द फिरत होता, कुरडई, कुरडई, कुरडई.

गुरवानं उजवीकडे कापसाचा तुकडा दाबला, डावीकडे सोनेरी.

वाडी टाचा उंचावून बघू लागली. कापसाच्या तुकड्यानं दोन्ही टोकं जराशी उचलली. कर्णिकांच्या आत काहीतरी उड्या मारायला लागलं. उचल रे, उचल! पण तुकड्यानं तेलाचा एक घोट घेतला, विचार बदलला आणि टोकं पुन्हा खाली टेकवली. मग तो हळूहळू नारिंगी होत, जन्मल्यापासून तिथेच असल्यासारखा पाषाणाला बिलगून बसला.

सोनेरी तुकडा मात्र तेल पिणाऱ्यांतला नव्हता. तो थरथरला. जरा घसरला. आणि घसरगुंडीवरून पोर यावं तसा सुळकन खाली आला, उताणा पडला आणि चमकू लागला.

"पडलाऽऽ!" भरत ओरडला. "आई बोलली! सोन्याचा बोलली!" तरुण मंडळींनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी मोबाईलवर हळदीचं गाणं लावलं, दोघांनी भरतला खांद्यावर घेतलं आणि देवळाचं दार बुटकं असल्यामुळे लगेच खाली ठेवलं. सेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. आमोदनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या बाबा. भंगारवाला चांगला माणूस आहे. नीट उचलायला सांगतो मी त्याला."

कर्णिकांना काही दिसेना. फक्त ट्रेडल दिसत होतं, टेम्पोत आडवं पडलेलं.

"भरत्या!" पांडू गुरव गरजला. गाणं बंद झालं. "काय नाचतंस रे? कान कुठं ठेवलंस? मी काय गाऱ्हाणं घातलं?"

"काय घातलं?"

"'आई, दोन कागद तुझ्या पुढ्यात हायत. आवडल तो ठेव, नको तो टाक.' असं बोल्लो मी! येवढी मानसं होय-होय करीत होती, ती काय झोपंत?"

"पण पाकळी पडली की देवीनं दिली असं असतंय ना!"

"पाकळी तिची. झाडं तिची, फुलं तिची. तिचं ती देती, म्हणून पडली तर होय. कागद आपला. आपण दिलेलं तिनं ठिवलं तर होय, आन टाकलं तर नाय. तुझ्या लग्नात आहेर आवडला तो घरात ठिवलास का खाली टाकलास?"

भरतनं विचार केला. त्याच्या लग्नात आलेली सहा भिंतीवरची घड्याळं त्याला आठवली. "पटतंय," तो पडेल आवाजात म्हणाला.

बायकांमधून एकदम असा आवाज उठला, की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. सेजलनं महिपतींना मिठी मारली, मग पांडू गुरवाला, मग चुकून भरतला. आणि कर्णिक? ते मनातल्या मनात कालची न्हाणी पुन्हा पुन्हा बघत होते. प्रयोग जर जमला असता, आपला तुकडा जर ठरल्याप्रमाणे मिनिटाभरात पडला असता, तर देवीनं तो टाकला असता. अकरा वेळा यशस्वी झालेला प्रयोग देवळात फसला म्हणून ते वाचले होते. स्वतःच्या हातानं, फूटपट्टीनं मोजून, काटकोनात, ते स्वतःचंच ट्रेडल भंगारात घालायला निघाले होते. त्यांनी चांदीच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

"काढा आता तो कागद," महिपती म्हणाले. "बघू तरी काय पसंत पडलंय आईला."

कागद निघेना. पांडूनं नखानं टोक उचललं, पुन्हा चिकटलं. शेवटी कर्णिक पुढे झाले, हात जोडले, आणि छापखान्यात ताजा ठसा सोडवतात तसा, एका कोपऱ्यापासून, न ओढता, तुकडा अलगद सोडवला. उलटा केला.

एक सेकंद अख्खी वाडी गप्प बसली.

कागदावर पाषाण उमटला होता. शेंदराच्या रंगात, गडद, फिका, पुन्हा गडद. दगडाची प्रत्येक पुटकुळी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी झिजलेली एक वळणदार रेघ, तिच्याभोवती कापसाचे पांढरे तंतू. आणि पाठीवरून हात फिरवला तर दगडाचा उंचवटा बोटाला लागत होता. रंग नुसता वर बसला नव्हता. आत रुतला होता.

"काका!" सेजल देवळाच्या पायरीवर मटकन बसली आणि हसू-रडू एकदम करायला लागली. "काका, हे तर प्रूफ आहे! देवीनं प्रूफ काढलं! हेच, कव्हरवर हेच, बाकी काही नको, फक्त हे! ओ माय गॉड!"

"गॉड नाय, आई म्हण," पांडूनं दुरुस्ती केली.

आमोदनं तुकडा हातात घेतला. डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "बाबा," तो हळूच म्हणाला, "हे तर आपल्या ट्रेडलसारखं आलंय."

"ट्रेडल हिच्यासारखं छापतं," कर्णिक म्हणाले.

भरतनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'आमच्या पत्रिकेचा कागद डायरेक्ट देवीचा चॉईस.' पाच मिनिटांत तो त्या कागदाचा सगळ्यात जुना समर्थक झाला होता.

पुढचे दहा दिवस सुबक मुद्रणालयात आनंदाचा धुमाकूळ होता. कागद आला, कर्णिकांनी तो रात्रभर खोलीत नुसता ठेवला, हवेची ओळख व्हावी म्हणून. शेंदराचा रंग जुळेना. पहिल्या दिवशी टोमॅटो निघाला, दुसऱ्या दिवशी गाजर, तिसऱ्या दिवशी चारुशीलाबाईंनी डोकावून "थोडा पिवळा घाला हो" म्हटलं आणि रंग बरोबर आला. पाषाणाच्या ठशाचा ब्लॉक मुंबईहून करून आणला. सेजलला आत फक्त बारा शब्द हवे होते. महिपतींना त्रेचाळीस निमंत्रक, स्थानिक मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ. शेवटी बारा शब्द उजव्या पानावर आणि त्रेचाळीस निमंत्रक डाव्या पानावर, इतक्या बारीक अक्षरात, की दुरून ती नक्षी वाटावी. ट्रेडल धडधडत होतं, खटाक-छप, खटाक-छप, आणि कागद घालायला आमोद स्वतः उभा होता. "बाबा, दाब वाढवू?" "वाढव! अजून! सोसतो तो!" शेजारचे दुकानदार काही ना काही निमित्तानं येऊन एकेक बिघडलेला कागद मागून नेऊ लागले. उरलेले बिघडलेले कागद चारुशीलाबाईंनी रीतसर मागणी करून कुरडयांसाठी घेतले. फ्लेक्सच्या मशीनला माळ्याखालची जागा मुक्रर झाली आणि भंगारवाल्याला हात हलवत परत पाठवण्यात आलं. जाताना तोही एक पत्रिका बघून गेला.

कर्णिकांनी वाघजाईला दोन नारळ पाठवले. एक कामाबद्दल. दुसरा कशाबद्दल, ते त्यांनी नेणाऱ्याला सांगितलं नाही.

पत्रिका न्यायला महिपती स्वतः आले. ठेवणीतली टोपी घालून. कर्णिकांनी खुर्ची दिली, पंखा लावला, हात धुवायला पाणी दिलं आणि पहिली पत्रिका दोन्ही हातांनी त्यांच्या हाती ठेवली. आमोद ट्रेडलला टेकून उभा राहिला. चारुशीलाबाई पदराला हात पुसत आल्या.

महिपतींनी पत्रिका जवळ नेली, लांब नेली. अंगठा ठशावरून फिरवला. तो वळणदार रेघेवर थांबला, मागे गेला, पुन्हा आला. पत्रिका उलटी करून पाठ बघितली. मग आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहून त्यांनी ती हळूच गालाला लावली. त्यांचे डोळे भरून आले.

"कर्णिकशेठ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साठ वर्सांत वाडीत अशी पत्रिका आली नाय. आईच समोर हाय वाटतं. हात लावू का नको, असं होतं."

अडतीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य आलं होतं. कर्णिकांनी आमोदकडे पाहिलं, चारुशीलाबाईंकडे पाहिलं, ट्रेडलकडे पाहिलं.

"आता एकच करा," महिपती डोळे पुसत म्हणाले. "हळद-कुंकवाची बोटं लागतात हो मानसांची, पुसाय बरं पडंल. सगळ्यांवर वरून तेवढं प्लॅस्टिक मारून द्या."